भीती उलगडून दाखवणारा लेखक : रत्नाकर मतकरी

यवत परिसरातल्या कोणत्याही गावात जा, प्रत्येक वस्तीला आपापली एक भीतीची जागा असते. कुठे कॅनॉलवरची मोरी, कुठे उसाच्या फडाकडेची पडकी विहीर, कुठे ओढ्याकाठची चिंच. शेजारच्या हिंदू घरात तिथल्याला मुंजा किंवा हडळ म्हणतात. आपल्या घरात दादी-नानी त्याच जागेकडे बोट दाखवून ‘उधर जिन्नात है, मगरिब के बाद जाना नै’ असे बजावतात. नाव बदलते, विहीर तीच राहते. पोरे दिवेलागणीला घरी यावीत म्हणून ही भीती कामाला यायची. विहिरीला कठडा बांधण्यापेक्षा ती स्वस्तही पडायची.

आता ती भीती विहिरीवरून उठून मोबाइलमध्ये आली आहे. रात्री सगळे झोपल्यावर मुले गोधडीत तोंड खुपसून भुताचे व्हिडिओ पाहतात आणि मग अंगणातल्या न्हाणीघरापर्यंत एकटे जायला घाबरतात. हे बंद करावे का, की यातही काही घेण्यासारखे आहे, असा प्रश्न अनेक आई-वडिलांना पडतो. आम्हालाही पडतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला एका माणसाची कारकीर्द पुन्हा नजरेखालून घालावीशी वाटली. या माणसाने अर्धशतकाहून अधिक काळ मराठी वाचकांना आणि प्रेक्षकांना घाबरवले. त्याच माणसाने मुलांसाठी नाटके लिहिली, झोपडपट्टीतल्या मुलांना रंगमंचावर उभे केले आणि अन्यायाविरुद्ध आवाजही उठवला. त्यांचे नाव रत्नाकर मतकरी.

बँकेतली नोकरी आणि रात्रीच्या गोष्टी

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झाला. त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका १९५५ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली, तेव्हा त्यांना सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पुढे त्यांनी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले आणि बँक ऑफ इंडियात नोकरी धरली. जवळजवळ वीस वर्षे ते बँकेत होते. १९७८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ लेखन-नाटकाला दिला.

ही वीस वर्षे आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावीत असे आम्हाला वाटते. मुलगा किंवा मुलगी लिहिते म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘याने पोट भरेल का?’ तो प्रश्न खोटा नाही. मतकरींनी त्याला उत्तर दिले ते पगाराची नोकरी करत करत लिहून. हाताशी पुरेसे काम उभे राहिले, तेव्हाच त्यांनी पगार सोडला.

त्या काळात मराठी घरात कथा पोचायच्या त्या मुख्यतः दिवाळी अंकांतून. आपल्याकडच्या कितीतरी मराठी वाचणाऱ्या मुस्लिम घरांतही हे अंक वाचनालयातून यायचे आणि एकाकडून दुसऱ्याकडे फिरत फिरत त्यांची पाने सुटायची. अशा अंकांतून मतकरींच्या गूढकथा वाचकांच्या हाती पडत गेल्या. पुढे ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’, ‘निजधाम’, ‘फाशी बखळ’ असे त्यांचे संग्रह निघाले आणि गूढकथा म्हटले की मतकरी हे समीकरण पक्के झाले.

‘भयकथा’ या शब्दापेक्षा त्यांना ‘गूढकथा’ हा शब्द जवळचा होता. भयकथेत घाबरवणे हाच हेतू असतो. गूढकथेत भीती असते, पण ती वाटेवरचा एक थांबा असते. त्या वाटेने गेल्यावर माणसाच्या मनातले काहीतरी सापडायला हवे.

त्यांच्याच काळात पुण्यात नारायण धारप लिहीत होते. दोघांची तुलना केली की मतकरींचे वेगळेपण कळते. धारपांच्या बऱ्याच कथांत वाईट शक्ती बाहेरून येते. ती जुन्या वाड्यात, तळघरात किंवा पलीकडच्या कुठल्या जगात असते, आणि तिच्याशी झुंजायला ‘समर्थ’ यांच्यासारखा जाणता माणूस उभा राहतो. मतकरींच्या कथेत वाडा नसला तरी चालते. चाळीतली खोली, फ्लॅट, ऑफिस, लोकलचा प्रवास एवढ्यावर त्यांचे भागते. वाईट तिथे आधीपासून असते, कोणाच्या तरी मत्सरात, कोणाच्या लपवलेल्या गुन्ह्यात, कोणाच्या एकटेपणात. दार वाजते तेव्हा बाहेर कोण आहे यापेक्षा आतला माणूस दार उघडायला का कचरतो, हा त्यांच्या कथेतला प्रश्न असतो.

पडद्यावरची भीती

छोट्या पडद्यावर भीती घरोघर पोचली ती १९९०च्या दशकात. दो गज जमीन के नीचे (१९७२) आणि पुराना मंदिर (१९८४) अशा चित्रपटांमुळे रामसे बंधूंचे नाव तोवर सर्वतोमुखी झाले होते. १९९३ मध्ये त्यांचा ‘झी हॉरर शो’ सुरू झाला. १९९५ मध्ये बी. पी. सिंह यांची ‘आहट’ सोनी वाहिनीवर आली. घरात एकच टीव्ही असे, तोही पुढच्या खोलीत. मोठी माणसे ‘बंद करो वो’ म्हणत आणि स्वतः खुर्ची मात्र सोडत नसत. मुले बोटांच्या फटीतून पाहत.

मराठीत मतकरींच्या गूढकथा ‘गहिरे पाणी’ या मालिकेतून पडद्यावर आल्या. ‘अश्वमेध’ आणि ‘बेरीज वजाबाकी’ या मालिकाही त्यांच्या नावावर आहेत. ‘गहिरे पाणी’चा विषय निघाला की आजही चाळिशी-पन्नाशीतली माणसे एखादा प्रसंग सांगू लागतात. बहुतेक वेळा त्यात भूत आठवत नाही, एखादा चेहरा आठवतो.

कागदावरची भीती पडद्यावर नेणे वाटते तितके सोपे नाही. लेखक ‘जिन्यावर पाऊल वाजले’ एवढेच लिहितो आणि वाचक आपल्या घरचा जिना, आपल्या ओळखीचा अंधार मनात उभा करतो. प्रत्येक वाचकाचे भूत वेगळे असते. कॅमेऱ्याला मात्र काहीतरी दाखवावेच लागते, आणि एकदा दाखवले की ते सगळ्यांसाठी सारखे होते. मुखवटा चांगला जमला नाही तर लोक हसतात. रामसे बंधूंनी त्यावर उपाय म्हणून मुखवटा आणखी भयंकर केला, धूर वाढवला, संगीत चढवले. मतकरींच्या कथांना त्याची गरज कमी होती. त्यांत एक खोली, दोन माणसे आणि त्यांच्यातली न बोललेली गोष्ट असली की काम होते. मराठी मालिकांच्या तुटपुंज्या खर्चात अशा कथा बसत, आणि नट चांगला असेल तर त्याच्या नजरेतूनच प्रेक्षकाच्या अंगावर काटा येई.

ज्यांच्या मुलांना आज मोबाइलवर लघुपट करायचे आहेत, त्यांना आमचे हेच सांगणे आहे. महागडे साधन नसेल तर खंत करू नका. आधी गोष्ट नीट लिहा. पाहणाऱ्याला नेमके कशाची वाट पाहायला लावायचे, हे ठरले की अर्धे काम झाले.

मराठी भीतीकथेची ही ओढ पुढे हिंदी पडद्यावरही गेली. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला. त्याच्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेले. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाही लोकांनी गर्दी केली. त्या चित्रपटात राक्षस आहे, पण माणसे मरतात ती हव्यासामुळे. मतकरी ज्या वाटेने आयुष्यभर चालले, तीच ही वाट.

भूत नसलेली भीतीकथा

मतकरींनी वयाच्या चौऱ्याहत्तरीत चित्रपट दिग्दर्शित केला. ‘इन्व्हेस्टमेंट’ हे त्याचे नाव. कथा त्यांचीच, पटकथा त्यांचीच, आणि निर्मिती पत्नी प्रतिभा मतकरी यांची. २०१३ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्याआधीच ६०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला होता.

गोष्ट अशी आहे. शहरातले सुस्थितीतले कुटुंब. नवरा-बायकोला मोठे व्हायचे आहे, आणि बारा वर्षांचा मुलगा ही त्यांची गुंतवणूक आहे. मुलाला जे हवे ते मिळते. ‘नाही’ हा शब्द त्याने ऐकलेलाच नाही. वर्गातल्या एका मुलीकडून तो ऐकावा लागतो आणि त्या मुलीचा जीव जातो. पुढचा चित्रपट आई-वडील काय करतात याचा आहे. मुलाने काय केले हे कळल्यावर आईला पहिली काळजी वाटते ती त्याच्या भविष्याची. ज्या घरातली मुलगी गेली त्या घराचा विचार तिच्या मनाला शिवत नाही.

या चित्रपटात भूत नाही, अंधारी खोली नाही, किंकाळी नाही. तरी आम्हाला मतकरींच्या साऱ्या कामातली ही सर्वांत भीतिदायक गोष्ट वाटते, कारण ती आपल्या कुणाच्याही घरात घडू शकते. ‘एकुलता एक है, रोने नक्को दो’ असे म्हणत आपण किती वेळा चूक पोटात घालतो! शेजाऱ्याच्या मुलाला मारून आलेल्या आपल्या मुलाची बाजू आधी घेतो आणि विचारपूस मग करतो, किंवा करतच नाही. भूत विहिरीतून येत नाही, ते लाडात वाढते, हे मतकरींनी उपदेशाचा एक शब्द न उच्चारता दाखवले.

चेटकिणीला हसणारी मुले

या लेखकाची दुसरी बाजू मुलांची होती. सुधा करमरकर यांच्या लिटिल थिएटरसाठी त्यांनी ‘मधुमंजिरी’ लिहिले. नंतर प्रतिभाताईंच्या साथीने ‘बालनाट्य’ ही संस्था काढून वर्षानुवर्षे मुलांसाठी नाटके केली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ ही नावे मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना पाठ आहेत. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. हे नाटक २०१८ मध्ये नव्याने रंगमंचावर आले तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले आणि नाट्यगृहे पुन्हा भरली.

या चेटकिणीकडे पाहिले की मुलांच्या भीतीचे गणित समजते. ती येते तेव्हा पुढच्या रांगेतली मुले किंचाळतात, आईच्या कुशीत शिरतात. दोन मिनिटांत तीच मुले तिला ओरडून उलट उत्तरे देतात आणि शेवटी तिची फजिती झाली की टाळ्या पिटतात. भीती आली, ती सगळ्यांनी मिळून अनुभवली आणि हसण्यात निघून गेली. शेजारी आई होती, सभागृहात दोनशे मुले होती, आणि गोष्टीला शेवट होता.

गोधडीत मोबाइल धरून बसलेल्या मुलाकडे यातले काहीच नसते. तो एकटा असतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, म्हणजे गोष्टीला शेवटही नसतो. शिवाय ‘सत्य घटना’ असा शिक्का मारलेला असतो, त्यामुळे हे रचलेले आहे असे म्हणायची सोयही उरत नाही. म्हणून आम्हाला वाटते, मुलांना भीतीच्या गोष्टींपासून तोडण्यापेक्षा त्या गोष्टी पुढच्या खोलीत आणाव्यात. दादी सांगायची तेव्हा भीती होती, पण दादीचा हातही पाठीवर होता.

भीतीचे लेखक आणि भीतीचे दुकानदार

मतकरी स्वतः अंधश्रद्धेचे समर्थक नव्हते. कथा ही कथा आहे, हे ते जाणत होते. घोळ होतो तो कथेला कोणी बाजारभाव लावतो तेव्हा. मुलगी अभ्यासात मागे पडली, सुनेला मूल होत नाही, दुकान चालत नाही. कोणीतरी कानाशी लागून ‘असर है’ म्हणते आणि दुसऱ्या दिवशी घरातला पैसा, कधी अंगावरचा दागिना, एखाद्या बाबाच्या हाती जातो. काही ठिकाणी ‘सवारी उतरवायची’ म्हणून आजारी बाईला मारहाण होते. तिला गरज असते ती मानसोपचाराच्या डॉक्टरची.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्यात गुन्हे ठरवले आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, आणि ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा कुठल्याही एका धर्मासाठी नाही. फसवणारा कपाळाला काय लावतो किंवा डोक्यावर कोणती टोपी घालतो, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

‘पण जिन्न तर कुरआनात आहेत’ असे कोणी म्हणेल. आहेत. त्याच कुरआनात हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या निधनाचा प्रसंगही आहे. ते काठीला टेकून होते, त्यांचे प्राण गेले होते, आणि जिन्न मात्र ते जिवंत आहेत असे समजून कष्ट उपसत राहिले. काठी किड्याने पोखरली, देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना कळले. समोरची गोष्ट ज्यांना उमगली नाही, ते तुमच्या सुनेचे नशीब कुणा बाबाला येऊन सांगतात, असे मानायचे कसे?

माणसांची भीती

मतकरींच्या कामात भूत आणि समाज हे वेगळे कप्पे नव्हते. ‘लोककथा ’७८’ या नाटकात त्यांनी खेड्यातल्या दलितांवरच्या अत्याचाराची कहाणी मांडली. पुढे ते नर्मदा बचाव आंदोलनाच्या पाठीशी उभे राहिले. ठाण्यात त्यांच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. वस्त्यांमधली मुले स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग स्वतःच रचून सादर करू लागली. गळकी घरे, दारू, शाळा सुटणे हे त्यांचे विषय. ज्यांच्याविषयी इतर लोक बोलत, ती मुले आता स्वतः बोलत होती. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (२००३) आणि साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार (२०१८) त्यांना मिळाले, पण आम्हाला ठाण्यातल्या त्या मुलांचे उभे राहणे अधिक मोलाचे वाटते.

यवतकरांना माणसांची भीती वेगळी समजावून सांगायला नको. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी ज्या गावात मुक्काम करते, जिथे वारकऱ्यांसाठी घराघरांतून पिठले-भाकरी जाते, त्याच गावात २०२५च्या ऑगस्टच्या सुरुवातीला समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून तणाव पेटला. तोडफोड झाली, जाळपोळ झाली, रस्त्यावर पोलीस उभे राहिले. त्या दिवशी मोबाइलवर फिरणारे अनेक संदेश म्हणजे भीतीकथाच होत्या. फरक एवढाच की त्यांच्याखाली लेखकाचे नाव नव्हते, आणि वाचणाऱ्याला ती कथा आहे हे ठाऊक नव्हते.

भीतीकथेची रचना ज्याला कळते, त्याला अफवेची रचनाही कळते. दोघींत एक अनोळखी ‘ते’ असतात. ‘ते’ येत आहेत, रात्री येणार आहेत, हे कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलेले असते. मतकरींची कथा वाचणारा शेवटच्या पानावर थांबून विचारतो, ‘खरे काय घडले?’ अफवा वाचणाऱ्यानेही पुढे पाठवण्याआधी हेच विचारायचे आहे. बातमी आली तर आधी शहानिशा करा, हा आदेश आपल्याला सूरह हुजुरातमध्ये फार पूर्वीच मिळाला आहे. आणि ही शिकवण दोन्ही बाजूंच्या मोबाइलला लागू आहे, आपल्याही.

१७ मे २०२० रोजी मुंबईत मतकरींचे कोरोनाने निधन झाले. ते ८१ वर्षांचे होते. देश तेव्हा एका न दिसणाऱ्या गोष्टीच्या भीतीत होता आणि त्या भीतीला चेहरा हवा म्हणून कितीतरी ठिकाणी आपल्या समाजाचा चेहरा पुढे केला जात होता. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जात होती. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. निकाल आला, पण ज्याची हातगाडी तेव्हा परत पाठवली गेली, त्याच्या घरी त्या दिवशी चूल कशी पेटली हे कोणी विचारले नाही. मतकरी असते तर कदाचित त्या हातगाडीवाल्याची गूढकथा लिहिली असती, आणि तिच्यात भूत कोण हे वाचकाला स्वतःच ओळखावे लागले असते.

मोबाइलचे काय करायचे, या प्रश्नावर आमचे म्हणणे थोडके आहे. मुलाच्या हातातून तो रागाने हिसकावू नका. एखाद्या संध्याकाळी वाचनालयातून मतकरींचा एक संग्रह आणा. घरातल्या सगळ्यात थोर मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. दिवा चालू असू द्या, दादींनाही बसवा, त्यांच्याकडेही विहिरीची एक गोष्ट असेल. कथा संपली की मुलांना दोन प्रश्न विचारा: यात चूक कोणी केली, आणि ती वेळीच कोण थांबवू शकले असते? भुताबद्दल काही विचारू नका. मुले त्याच्याविषयी आपणहून बोलतील आणि बोलता बोलता हसू लागतील.